माईंचं म्हणून होईपर्यंत

मोठ्या रोलरचं बटण मुकादमाच्या हाताशी होतं, पण ते कधी दाबायचं हे माईंच्या ओठांवर ठरायचं.

सकाळी बायका डोक्याला फडकी गुंडाळून रोलरसमोर येऊन उभ्या राहायच्या. मागे ओल्या चादरींनी भरलेल्या ढकलगाड्या पाणी गाळत असायच्या. माई पुढे व्हायच्या, रोलरच्या लोखंडी कडेला तळवा टेकायच्या, डोळे मिटायच्या आणि देवाचं नाव घ्यायच्या. आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ हलायचे. तेवढा वेळ कुणी खोकतसुद्धा नसे. मग माई बाजूला होऊन ‘चला’ म्हणत, मुकादम बटण दाबे आणि बायका असा श्वास सोडत, की तो त्यांनी सोडला की वाफेच्या नळीनं, ते कळू नये.

धुलाईचा कारखाना होता तो. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टेबलांवरची कापडं तिथे यायची आणि धुऊन, पिळून, इस्त्री होऊन परत जायची. इस्त्री करणारा तो रोलर म्हणजे माणसाच्या उंचीएवढं तापलेलं लोखंडी नळकांडंच. दोघी जणींनी चादरीचे दोन कोपरे धरून ती त्याच्या तोंडाशी लावायची, तो ती आत ओढून घेणार आणि मागच्या बाजूला उभ्या असलेल्या दोघींच्या हातात पापडासारखी कडक करून देणार.

खरं तर माईंचं ते नाव घेणं हा त्यांचा आणि देवाचा घरगुती मामला होता. जिन्याची पहिली पायरी उतरताना त्या नाव घेत, नळाखाली भांडं लावताना घेत, तशाच कामाला हात लावताना घेत. त्यात मागणं काही नसे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘येते हं’ सांगून बाहेर पडावं, तसं. लहानपणापासूनचा नेम होता आणि त्या नेमाचं त्यांना कधी ओझं झालं नव्हतं. ओझं झालं ते इतरांनी त्याला खांदा द्यायला सुरुवात केल्यावर.

त्या दिवशी ‘चला’ म्हणून झाल्यावर माई मुकादमाजवळ रेंगाळल्या.

“मला रजा हवी होती,” त्या हळूच म्हणाल्या. “लेकीकडे जायचंय. तिला उठायला मनाई केलीय डॉक्टरीणबाईंनी. जावई बोटीवर, सासूबाई स्वतःच काठी धरून चालतात. माझ्याशिवाय कोण आहे तिला?”

मुकादम माणूस वाईट नव्हता. लेकीला आधी दोनदा दिवस गेले होते आणि काय झालं होतं, तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, उगीच बोटांत फिरवली आणि परत कानामागे ठेवली.

“रजा काय, आत्ता देतो. बाळंतपण उरकून, बारसं करून या. पण माई, तुम्हाला अडवणारा मी नाही. त्या आहेत.” त्यानं हनुवटीनं बायकांकडे खूण केली. “मागे तुम्हाला ताप आला होता तेव्हाचं आठवतंय ना?”

माईंना आठवत होतं. न आठवून कसं चालेल? अंगात फणफणून ताप होता म्हणून त्या घरी झोपल्या होत्या, तर इकडे एकही बाई रोलरला हात लावेना. हॉटेलची गाडी रिकामी परत गेली. शेवटी मालकानं मळक्या कपड्यांचा टेम्पो माईंच्या दारात पाठवला. बोचक्यांच्या मधे बसवून त्यांना आणलं, दोघींनी काखेत हात घालून रोलरसमोर उभं केलं, त्यांनी नाव घेतलं आणि त्याच टेम्पोतून, त्याच बोचक्यांत टेकून त्या घरी गेल्या. जाताना ड्रायव्हर म्हणाला होता, “माई, तुमची तर मिरवणूकच निघाली की.” त्या तापातही हसल्या होत्या. आज हसू येत नव्हतं.

“मी सांगून बघते त्यांना,” माई म्हणाल्या.

“बघा. मी कान बंद करून उभा राहतो.”

दुपारी डबे उघडल्यावर माईंनी विषय काढला. लेकीचं सगळं सांगितलं. बायका हळहळल्या, एकीनं पदर डोळ्यांना लावला, कुणी काय खावं, कुठल्या कुशीवर निजावं ते सांगितलं. पण माईंनी ‘मी जाते’ म्हटलं, तशी सगळ्यांची तोंडं डब्यात गेली.

रोलरला माईंची जोडीदारीण होती चष्मेवाली. वाफेनं तिच्या भिंगांवर कायम धुकं असायचं आणि ती ते पुसत पुसतच बोलायची. ती म्हणाली, “माई, राग मानू नका. तुमची एक लेक. आणि इकडे आमच्या एवढ्या जणींचे हात. त्यांचं काय?”

“अगं, माझ्या नाव घेण्यानं हात वाचतात का?”

“ते तुम्ही आम्हाला विचारता?” चष्मेवाली शांतपणे म्हणाली. “एकच दिवस राहिलं होतं तुमचं. काय झालं ते ती बसलीय तिकडे, तिला विचारा.”

तिकडे, मोजणीच्या टेबलाशी, भिंगरी बसली होती. अभ्र्यांचे गठ्ठे डाव्या हातानं मोजत होती. उजव्या हाताला आता अंगठा आणि एक बोट एवढंच होतं. पूर्वी रोलरवर तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. आता तिला दिवसभर एका जागी बसावं लागे, तरी नाव भिंगरीच राहिलं.

माईंनी डबा झाकला.

त्या दिवसाचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. भिंगरी त्यांच्या शेजारी उभी होती. चादरीचा कोपरा आत जाताना दुमडला, तिनं तो सरळ करायला बोटं पुढे नेली आणि कोपऱ्यामागून बोटंही गेली. नंतर दवाखान्यात माई तिच्या उशाशी बसल्या होत्या. हाताचं केवढं तरी मोठं पांढरं गाठोडं झालेलं. औषधाच्या गुंगीतून भिंगरीनं डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही: “माई, आज तुमचं नाव घ्यायचं राहिलं होतं ना?”

माईंचं राहिलं नव्हतं. रोजच्यासारखाच तळवा टेकला होता, रोजच्यासारखंच नाव घेतलं होतं. पण ती पोर अशा नजरेनं बघत होती, की उत्तराचा दोर हातातून सुटला तर ती खाली कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. हिला काय सांगायचं? नाव घेतलं होतं आणि तरीही तुझी बोटं गेली? मग उद्यापासून ही कुणाच्या भरवशावर डोळे मिटेल? आणि खरं सांगायचं, तर तेव्हा माईंना देवाचीही लाज राखावीशी वाटली. आपल्या माणसाची चूक चारचौघांत झाकावी, तशी.

“राहिलं गं आज,” त्या म्हणाल्या.

भिंगरीनं डोळे मिटले आणि लागलीच झोपली. माईंना वाटलं, झालं, एका जिवाला विसावा मिळाला. पण संध्याकाळ व्हायच्या आत ते ‘राहिलं’ कारखानाभर झालं. काहींनी दोन दिवस अबोला धरला. मग त्याच गळ्यात पडल्या, ‘माई, पुन्हा चुकू नका हो.’ आणि माईंच्या घरगुती नावाला तिथून पुढे पहारा बसला.

डबे आवरून सगळ्या परत रोलरवर आल्या. चादर लावताना माईंची नजर सहज आडकाठीवर गेली.

रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी आडवी टांगलेली असते. तिला जरासा हात लागला, की ती मागे सरते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. ती असते बोटांसाठीच. पण चादरीचा जाड काठ आला तरी ती सरते, रोलर थांबतो, मग परत बटण, परत ओढाताण. कामात सारखी मधे येते म्हणून बायका तिला आडकाठी म्हणत. आज ती आडकाठी जागची हलत नव्हती. दोन्ही टोकांना जुन्या चादरीच्या काठाची चिंधी घट्ट बांधलेली होती, वरून गाठीवर गाठ.

“हे कुणी बांधलं?” माईंनी विचारलं.

“सगळ्यांनीच,” चष्मेवाली म्हणाली. “हॉटेलच्या नव्या चादरी बघताय ना, काठ आहेत की दोरखंड? दर चादरीला थांबतंय.”

“अगं, पण हात गेला म्हणजे?”

चष्मेवालीनं भिंगं पुसली, डोळ्यांवर ठेवली आणि माईंकडे पाहिलं, जणू माईंनी पाणी ओलं असतं का, असं विचारलं होतं.

“तुम्ही नाव घेताच ना रोज.”

माईंची नजर परत त्या गाठींवर गेली. त्यांना वाटत होतं, आपल्याला बांधून ठेवलंय. बांधलेली तर ती पट्टी होती, आणि ती जिनं बांधली होती ती चिंधी आपण. त्यांनी तिथल्या तिथे गाठ सोडायला हात घातला, पण मागून चादर येतच होती, मुकादम गाडीच्या नावानं ओरडत होता आणि गाठ अशी आवळलेली, की नखं तुटली तरी ती सुटेना. पुढे दिवसभर त्यांनी चादरी लावल्या त्या जीव मुठीत धरून.

घरी आल्या तोच लेकीचा फोन. पडून पडून पाठ धरलीय, खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेले कपडेच दिसतात, तू येणार कधी, हे सगळं बोलून झालं. मग तिनं आवाज खाली आणला.

“आई, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार की.”

“मागच्या दोन्ही वेळेला... तू माझ्यासाठी म्हणायचीस ना रोज? कधी राहिलं होतं का गं तुझं?”

माईंचं तोंड उघडलंसुद्धा. ते ‘राहिलं’ जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, सवयीचं, तयार, मऊ. म्हटलं की लेकीला रात्री झोप लागेल. आणि उद्यापासून ती रोज विचारेल, म्हटलंस का? आज म्हटलंस का? आणि जन्माला येणारं लेकरू त्या एका शब्दाच्या दोरीवर झोके घेत राहील, त्याला ताप आला तरी, ते पायरीवरून पडलं तरी. रोलरसमोर सगळ्या खोळंबून उभ्या राहतात तशी आपली लेक आपल्या ओठांकडे बघत उभी आहे, असं त्यांना दिसलं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “एकदाही राहिलं नव्हतं.”

“मग?”

“मला नाही माहीत, बाळा.”

मग लेकीनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. माई देवासमोर जाऊन बसल्या. त्यांनी नाव घेतलं, पण आज त्यात ‘येते हं’ नव्हतं. आज त्यात भीती होती. त्यांच्या लक्षात आलं, की लेकीला दिवस गेल्यापासून आपण हे असंच घेतोय, हिशेबनिसासमोर उभं राहिल्यासारखं. चष्मेवालीला कुठल्या तोंडानं हसायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा न उघडताच त्या मोजणीच्या टेबलाशी गेल्या.

“भिंगरे, जरा सरक. तुझ्याशी बोलायचंय.”

“बसा की. गठ्ठ्यावर बसा, धुतलेलाच आहे.”

माई बसल्या. “दवाखान्यात तू मला विचारलं होतंस बघ. मी राहिलं म्हणाले.”

भिंगरीचा मोजणारा हात थांबला.

“राहिलं नव्हतं,” माई म्हणाल्या. “मी घेतलं होतं नाव.”

भिंगरीनं समोरचा अभ्रा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. मग खाली बघतच म्हणाली, “माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“तुमच्या शेजारीच उभी होते की मी. तुमचे ओठ मला दिसत होते.”

मागे धुलाईची यंत्रं घुसळत होती, कुणीतरी बादली आदळली.

“मग तू का विचारलंस?”

“काय करणार होते मग?” भिंगरीचा आवाज एकदम खाली गेला. “आडकाठी बांधलेली होती त्या दिवशी. मीच बांधली होती. तुम्ही सगळ्या सावकाश लावायच्या, मला दम निघायचा नाही. लोकांना काय वाटेल, हिनं आपल्या हातानं आपली बोटं घालवली? घरी काय सांगू? शुद्धीवर आले आणि पहिला विचार हाच आला. मग तुम्ही दिसलात. म्हटलं, हिच्यावर ढकलावं. हिच्याकडे देव आहे, हिला पेलेल.”

“आणि मी हो म्हणाले.”

“तुम्ही हो म्हणालात म्हणून मी जगले हो माई.” तिनं डोळे वर केले. त्यात पाणी नव्हतं, नुसता थकवा होता. “फिटरनं येऊन चिंधी कापली, खिशात घातली आणि गेला. मालकांनी विचारलं नाही, मुकादमांनी विचारलं नाही. सगळ्यांनाच ते बरं पडलं. आणि मी रोज सकाळी इथून बघते. तुम्ही नाव घेता, रोलर चालतो, कुणाला काही होत नाही. मग वाटतं, बघ, म्हणजे त्या दिवशी खरंच राहिलं असणार.”

“पण तुला तर ठाऊक आहे.”

“ठाऊक असून काय? ठाऊक असलेलं रोज वर येतं. ते खाली दाबायला काहीतरी लागतं ना.” ती जराशी हसली. “मला देव कुठे हवा होता माई. मला कारण हवं होतं.”

माईंनी तिचा उजवा हात हातात घेतला. आजवर कधी घेतला नव्हता. तिथली कातडी गुळगुळीत होती, नुकत्याच निघालेल्या चादरीसारखी.

“त्यांनी परत बांधलीय गं.”

“बघितलंय मी.”

“बघून गप्प बसलीस?”

“बोलले असते तर तुम्हाला जाऊ दिलं असतं त्यांनी? आणि तुम्ही गेलात तर मी सकाळी काय बघू?”

माई उठल्या. दोन पावलं जाऊन त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, “उद्या मी सांगणार आहे सगळ्यांना. माझ्यापुरतं. तुझं मी सांगणार नाही.”

भिंगरीनं गठ्ठा पहिल्यापासून मोजायला घेतला.

सकाळी माई पिशवी घेऊनच आल्या. लुगडी, औषधं, लेकीसाठी शिवलेली मऊ दुपटी. पिशवी दारामागे ठेवली आणि रोलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बायका गोळा झाल्या. माईंनी तळवा टेकला नाही.

“मी आज इथे नाव घेणार नाही,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू बोलल्या की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. “आणि एक ऐका. भिंगरीला लागलं त्या दिवशी माझं राहिलं नव्हतं. मी घेतलं होतं. तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग चष्मेवालीनं तोंडावर पदर धरला आणि चक्क हसली.

“माई, लेकीकडे जायचंय म्हणून काय काय बोलाल? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगीच प्रयत्न करू नका.”

“मी आत्ता खरं बोलतेय गं.”

“तेच म्हणतेय मी. जमत नाहीये.”

दोघी-तिघी हसल्या. माईंना आपल्याभोवती भिंत वर वर जाताना दिसली. खोटं त्यांच्या तोंडून एका दमात खरं ठरलं होतं, आणि खरं मात्र कुणी दारात उभं करेना. त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. तो पेन्सिलीचं टोक तपासत होता.

एवढ्यात मोजणीच्या टेबलाचं स्टूल कुरकुरलं. भिंगरी उठली. धागे कापायची कात्री डाव्या हातात घेऊन ती गर्दीतून पुढे आली, आडकाठीच्या एका टोकाची चिंधी तिनं कापली, मग दुसऱ्या टोकाची. डाव्या हातानं कात्री नीट चालत नव्हती, वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही.

“माई खरं सांगतायत,” ती म्हणाली. “आणि त्या दिवशी हे असंच बांधलं होतं. मीच.”

आता मात्र कुणी हसलं नाही. बाहेर टेम्पो मागे घेताना ड्रायव्हर कुणावर तरी वैतागत होता, तेवढाच आवाज. माईंना वाटलं, सुटलं. गाठ सुटली.

तर एक जण मागून म्हणाली, “बांधलंस ते खरं. पण नेमकी त्याच दिवशी बांधायची बुद्धी तुला का झाली? माईंचं काहीतरी राहिलंच असणार. त्यांच्या ध्यानात नसेल.”

“तेच तर,” दुसरी म्हणाली.

“मनापासून घेतलं नसेल, असंही होतं कधी कधी,” तिसरी म्हणाली, अगदी समजूत घातल्यासारखी.

माई ऐकत राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता. पण त्या तिन्ही चेहऱ्यांवर त्यांनी जे पाहिलं ते लेकीच्या आवाजात ऐकलेलंच होतं. सगळ्या बिचाऱ्या एकाच दाराशी उभ्या होत्या आणि आत कुणी आहे की नाही यापेक्षा, आपण दार वाजवायला चुकलो तर नाही, याचीच त्यांना धास्ती. माई स्वतःही तिथेच उभ्या होत्या की. देव आत आहे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. पण तो कडी वाजवण्याचे आवाज मोजत बसला असेल, हे त्यांना आज पटेना.

“बटण दाबा,” भिंगरी मुकादमाला म्हणाली.

“लावणार कोण?”

“मी लावते. जायचं ते गेलंय माझं.”

मुकादमानं माईंकडे पाहिलं. माईंनी मान हलवली नाही, होयही नाही, नाहीही नाही. त्यानं बटण दाबलं. रोलर फिरू लागला. भिंगरीनं डाव्या हातात चादरीचा एक कोपरा घेतला. दुसरा कोपरा ढकलगाडीवरून खाली लोंबत राहिला. माईंचे हात आपोआप पुढे निघाले. त्यांनी ते मागे घेतले आणि पदराखाली धरून ठेवले. आपण तो कोपरा उचलला तर आपली सुटका नाही, हे त्यांना कळत होतं, आणि नाही उचलला आणि काही झालं तर त्यातून या जन्मी सुटका नाही, हेही.

“काय बाई तरी,” चष्मेवाली पुटपुटली. तिनं भिंगं पुसली, कोपरा उचलला. रोलरशी नेण्याआधी तिनं डोळे मिटले, ओठ हलवले. काय म्हणाली कुणास ठाऊक. मग दोघींनी चादर लावली. जाड काठ आडकाठीला लागला आणि रोलर थांबला.

“झालं सुरू,” चष्मेवाली म्हणाली. “आता दिवसभर हेच.”

“हेच,” भिंगरी म्हणाली. मुकादमानं परत बटण दाबलं.

माईंनी पिशवी उचलली. त्यांना कुणी ‘जा’ म्हटलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. गाडी गाठेपर्यंत त्यांना मागून हाक येईल असंच वाटत होतं.

लेकीनं दार उघडं ठेवायला लावलं होतं. पलंगावरून तिनं आईला पाहिलं, हात पुढे केला आणि तोंड मात्र भिंतीकडे वळवलं. माईंनी पिशवी ठेवली, पाय धुतले, तिच्या पाठीला तेल लावलं. बऱ्याच वेळानं ती भिंतीलाच म्हणाली, “तू राहिलं म्हणाली असतीस, तर मला बरं वाटलं असतं.”

“माहितेय मला.”

“मग म्हणायचंस ना.”

“तुला बरं वाटलं असतं गं. पण मग तू मला कधी सोडलं नसतंस. आणि मी देवाला.”

लेकीनं पाठ मात्र सैल सोडली.

सकाळी माई चूल पेटवून चहाचं आधण ठेवत होत्या, तोच फोन वाजला. मुकादम होता. त्याच्या मागून ढकलगाड्यांचं पाणी टपटपताना ऐकू येत होतं.

“माई, पोचलात ना सुखरूप? लेक बरी आहे? बरं. ऐका, बायका उभ्या आहेत. मी सांगून थकलो, माझं कोण ऐकतंय? म्हणतात, माईंना फोनवरून घेऊ दे. सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलाय. घ्या तेवढं.”

माईंनी भिंतीला हात टेकला. एवढ्या लांब येऊन त्या तिथेच उभ्या होत्या. वाफ सुसत होती. कुणीतरी ‘गप्प बसा गं’ म्हणालं. पलंगावरून लेक टक लावून बघत होती, नेमकी त्यांच्या तोंडाकडे.

“आडकाठी मोकळी आहे का?” माईंनी विचारलं.

“आहे. भिंगरी कात्री घेऊनच बसलीय. कुणाची हिंमत आहे?”

“ती हातानं दाबून बघा आधी.”

खट्‌ असा आवाज आला. रोलर थांबतो तसा.

“थांबला,” मुकादम म्हणाला. “आता घ्या नाव.”

नाव माईंच्या तोंडात होतंच, ते तर रोजचंच. पण आत्ता घेतलं की ते परत रोलरचं होणार होतं.

“माई? झालं का म्हणून? तुमचं ऐकू येत नाही ना, इथे तर दिसायचं तरी. झालं म्हणू यांना?”

एक ‘हो’ पुरलं असतं. एवढासा शब्द, त्यानं सगळ्यांचा श्वास सुटला असता.

“नाही झालं अजून,” माई म्हणाल्या. “तुम्ही सुरू करा.”

तिकडे सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत कुणाचा तरी चष्मा पुसला जात असेल, कुणी भिंगरीकडे बघत असेल. माईंनी फोन कानाशी आणखी जवळ धरला. मग बटणाचा आवाज आला आणि रोलरची ती जड, ओळखीची घरघर सुरू झाली. चादर लागली असावी. कुणी ओरडलं नाही. दुसरी लागली.

“सुरू झालंय,” मुकादम घरघरीवरून मोठ्यानं म्हणाला. “उद्या परत फोन करतो.”

“बरं,” माई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा आधण उतू जायच्या बेतात होतं. त्यांनी जाळ कमी केला.

“आई,” लेक पलंगावरून म्हणाली, “घे ना आता.”

“घेते हं,” माई म्हणाल्या, “तू तोंड फिरव बघू तिकडे.”